सुट्टीतली गर्दी सांभाळायचंही शिक्षण असतं! नवी मुंबईत काय शिकायला मिळतं आणि फी माफी कुठे अडते?

बारावीचा निकाल जवळ आला की मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यात आता स्पोर्ट्स मॅनेजमेंट, इव्हेंट मॅनेजमेंट, टुरिझम, हॉस्पिटॅलिटी ही नावं खूप दिसतात. फोटोत मोठं स्टेडियम, ब्लेझर घातलेली हसरी पोरं आणि खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. मुलगा किंवा मुलगी ती जाहिरात घरी दाखवते आणि वडील दोनच प्रश्न विचारतात. हे शिकून नक्की करायचं काय? आणि एवढी फी भरायची कुठून?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जाहिरातीत त्यांची उत्तरं नसतात, म्हणून जरा नीट समजून घेऊ.

परदेशातल्या विद्यापीठांत या विषयाला मोठं नाव आहे, रिक्रिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, लिझर सर्व्हिसेस वगैरे. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या फुरसतीची, विरंगुळ्याची व्यवस्था लावणं. अमेरिकेत गावोगावच्या नगरपालिकांना बागा आणि मनोरंजनाचं वेगळं खातंच असतं. पोहण्याचा तलाव, मुलांचं मैदान, म्हाताऱ्यांचा कट्टा, सुट्टीतली शिबिरं हे सगळं ते खातं बघतं. त्यासाठी माणसं लागतात, म्हणून विद्यापीठात तो विषय आला. आपल्याकडे या नावाची पदवी शोधलीत तर सापडणं कठीण. इथे तोच विषय तीन-चार तुकड्यांत वाटला गेलाय. खेळाचा भाग स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये, हॉटेल-रिसॉर्टचा भाग हॉटेल मॅनेजमेंटमध्ये, सहलीचा भाग टुरिझममध्ये, सोहळ्यांचा भाग इव्हेंटमध्ये आणि व्यायामाचा भाग शारीरिक शिक्षणात.

म्हणजे हे मजा करायचं शिक्षण नाही. दुसरा मजा करत असताना त्याची जबाबदारी आपल्या डोक्यावर घ्यायचं शिक्षण आहे.

नवी मुंबईच का?

कारण हे काम जिथे चालतं ती ठिकाणं तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलची फायनल तिथे झाली. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल वर्ल्डकपचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्या वर्ल्डकपची फायनल झाली. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे तीन कार्यक्रम झाले. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्डकप उचलला तोही इथेच.

त्या फायनलचंच बघा. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. आपण टीव्हीवर जल्लोष पाहिला. पण पाऊस थांबेपर्यंत हजारो माणसं आत बसून होती. त्यांना पाणी, खाणं, संडास लागले. पीच झाकायचं, मैदान सुकवायचं. सामना संपल्यावर एवढी गर्दी बाहेर कुठल्या गेटने सोडायची, कुणाला आधी सोडायचं, लोकल किती वाजेपर्यंत आहे, लहान मूल हरवलं तर आणायचं कुठे? हे सगळं कुणीतरी आधी कागदावर मांडलेलं असतं. ते मांडणारा माणूस म्हणजे या कोर्समधून तयार होणारा माणूस.

स्टेडियम सोडून द्या. खारघरला सिडकोचं सेंट्रल पार्क आणि गोल्फ कोर्स आहे, नेरूळला महापालिकेचं वंडर्स पार्क आणि रॉक गार्डन आहे, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह, उलव्याला रामशेठ ठाकूर क्रीडा संकुल. पनवेल सोडलं की कर्नाळा अभयारण्य, पुढे खालापूर तालुक्यात इमॅजिका. कर्जतची फार्महाऊसं आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरची रिसॉर्टं तर मोजायलाच नकोत. अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला आणि नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. शहरातला माणूस शनिवार-रविवारी आपल्याच तालुक्यांत उतरतो. आपली पोरं मात्र त्याच्याकडे गेटवर पावती फाडायला उभी असतात. आतल्या ऑफिसात मॅनेजर म्हणून बाहेरगावचा कुणीतरी बसलेला असतो. दोघांमधला फरक बऱ्याचदा एका पदवीचा आणि बऱ्यापैकी इंग्रजीचा असतो.

चूक झाली तर जीव जातो

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो लोक आले होते, त्यात आपल्या जिल्ह्यातले कितीतरी. भर उन्हात माणसं तासन्‌तास बसली. उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा जीव गेला. त्यावरचं राजकारण बाजूला ठेवा. पण सावली किती माणसांना पुरेल, एप्रिलमध्ये कार्यक्रम किती वाजता ठेवावा, पाण्याची सोय किती पावलांवर हवी, चक्कर आलेल्या माणसापर्यंत स्ट्रेचर किती मिनिटांत पोचेल, या प्रश्नांचा अभ्यास असतो आणि तो शिकवला जातो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले. ४ जून २०२५ ला बंगळूरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगरून ११ जण गेले. पावसाळ्यात देवकुंडसारख्या ठिकाणी जायला प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. यात्रेत, धबधब्यावर, गोविंदाच्या थराखाली हाच प्रश्न असतो. आपल्याकडे 'देव तारी' म्हणून वेळ मारून नेली जाते, एवढंच.

म्हणून पदवीच्या पुस्तकात 'मजा' कमी आणि हिशोब जास्त असतो. जागेची देखभाल, तिकिटाचा दर ठरवणं, कामगारांच्या पाळ्या, विमा, कायदा, परवाने, प्रथमोपचार, आग लागली तर बाहेर पडायचे रस्ते, स्पॉन्सर मिळवणं, जाहिरात, आणि प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन इंटर्नशिप. मार्केटिंग आणि अकाउंट टाळता येत नाही. 'मला खेळ आवडतो' एवढ्यावर जो येतो त्याचा पहिल्याच वर्षी हिरमोड होतो.

हे काही विलायती खूळ नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखवले आणि आज तिथे शारीरिक शिक्षणाचं मोठं महाविद्यालय आहे. आखाड्यातून महाविद्यालयापर्यंतची ही वाट मराठी माणसानेच पाडलेली आहे.

कोर्स कुठे?

नेरूळच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात हॉस्पिटॅलिटी आणि टुरिझमचं वेगळं स्कूल आहे, स्टेडियमच्या शेजारीच. नवी मुंबईत आणि पनवेल भागात इतरही खासगी संस्था हॉटेल मॅनेजमेंट आणि बीबीए शिकवतात. खेळाच्या बाजूला मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट आहे. ती माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी सुरू केली. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेणारे तेच ते डोंबिवलीचे कुलकर्णी. तिथला पदवी अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचा आहे. दादरला केंद्र सरकारची हॉटेल मॅनेजमेंटची जुनी संस्था आहे, १९५४ पासूनची. नवी मुंबईतून लोकलने जाऊन-येऊन करता येतं. तिथे प्रवेशासाठी एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय असणं गरजेचं आहे. शाखा कुठलीही चालते, आर्ट्सची मुलंही बसू शकतात. आपल्या भागात ही परीक्षा फार थोड्यांना माहीत आहे.

राज्याची स्वतःची वाट म्हणजे बीएचएमसीटी, हॉटेल मॅनेजमेंटची चार वर्षांची पदवी. तिची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. बीबीए, बीएमएस या कोर्सनाही २०२४ पासून सीईटी लागू झाली आहे. स्पोर्ट्स किंवा टुरिझमचा कोर्स बीबीए नावाने असेल तर तो या सीईटीत येतो का, हे संस्थेला आधी विचारा. मार्चमध्ये फॉर्मची तारीख निघून जाते आणि जूनमध्ये जाग येते, असं दरवर्षी होतं.

राज्य सरकारने बालेवाडीत आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठासाठी २०२० मध्ये कायदाही केलेला आहे. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे त्याच्या प्रवेशाच्या सूचनांवर डोळा ठेवायला हरकत नाही.

फी माफी इथे अडते

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचा. पैशाचा खड्डा इथेच पडतो.

जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. बातमी गावोगाव पोचली. पण त्यातली अट पोचली नाही. ही सवलत कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत.

समजा, म्हसळा तालुक्यातली एक ओबीसी मुलगी आहे, घरचं उत्पन्न दीड लाख. तिने बीएचएमसीटीची सीईटी दिली, कॅप राउंडमध्ये नंबर लागला, तर शिक्षण फी माफ. तीच मुलगी सीईटी न देता 'थेट प्रवेश' म्हणून एखाद्या अभिमत विद्यापीठात गेली तर पूर्ण फी बापाच्या खिशातून. दोन्ही पदव्या कायदेशीर आहेत. अभिमत विद्यापीठात शिक्षण आणि सोयी चांगल्याही असतील. पण 'मुलींना फी माफ आहे ना' असं समजून तिथे अ‍ॅडमिशन घेतलं की नंतर रडण्यात अर्थ नसतो. एजंट ही गोष्ट स्वतःहून सांगत नाही, त्याचं कमिशन थेट प्रवेशावरच असतं.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. तिथेही उत्पन्नाची आणि कॅप राउंडची तीच अट. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांच्या अटी महाडीबीटी पोर्टलवर दिलेल्या आहेत.

माफीत काय नसतं तेही बघा. रूमचं भाडं, मेस, युनिफॉर्म, हॉटेल मॅनेजमेंटला लागणारा सुऱ्यांचा संच, काळे बूट, लोकलचा पास हे सगळं आपलंच. नवी मुंबईत भाड्याची खोली स्वस्त नाही. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आणि इतरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. पनवेल-उरणच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी सिडकोच्या विद्यावेतनाची चौकशी वेगळी करावी.

मार्कशीटवर शिक्का कुणाचा?

कुठल्याही संस्थेच्या काउंटरवर हा प्रश्न आधी विचारा. पदवी देणारं विद्यापीठ कुठलं, त्याला यूजीसीची मान्यता आहे का? काही संस्था स्वतःचंच प्रमाणपत्र देतात आणि वर परदेशी विद्यापीठाचं नाव छापतात. काम शिकायला ते चालेलही. पण उद्या एमपीएससीचा फॉर्म भरायचा असेल, बीपीएड करायचं असेल, तर मान्यताप्राप्त पदवीच लागते. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी आपल्या वेबसाइटवर टाकते. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

सरकारी नोकरीचं स्वप्न दाखवून हा कोर्स कुणी विकत असेल तर सावध राहा. महापालिकेत उद्यान विभाग असतो, पण तिथल्या अधिकारी पदांना साधारणपणे कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी मागतात. शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं तर शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, स्पोर्ट्स मॅनेजमेंटची चालत नाही. बीपीएड पदवीनंतर दोन वर्षांचं आहे, त्याचीही सीईटी आहे. आणि सरकारी भरतीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण हे ठरावीक स्पर्धांत कामगिरी केलेल्या खेळाडूंना आहे, खेळाचं व्यवस्थापन शिकलेल्यांना नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

नोकऱ्या आहेत त्या खासगीत. रिसॉर्ट, क्लब, वॉटर पार्क, मोठ्या सोसायट्यांची क्लब हाउसं, क्रीडा अकादम्या, इव्हेंट कंपन्या. सुरुवात खालून होते आणि पहिला पगार जाहिरातीतल्या ब्लेझरला शोभेल असा नसतो. लोकांची सुट्टी तो आपला कामाचा दिवस. दिवाळी, गणपती, ३१ डिसेंबर ड्युटीवर. मुलगी असेल तर रात्रीच्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का, हे इंटर्नशिपच्या आधीच विचारा. लाजू नका. इंटर्नशिपचे पैसे मिळतात की फुकट राबवतात, हेही विचारा आणि जमलं तर मागच्या वर्षीच्या दोन मुलांशी फोनवर बोला. माहितीपत्रकापेक्षा ती दोन मुलं जास्त सांगतात.

तीन-चार वर्षं परवडणार नसतील तर

छोटे कोर्स आहेत आणि माझ्या मते आपल्या किनारी तालुक्यांसाठी ते जास्त कामाचे आहेत. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षक, बोट चालवणं असे थोड्या दिवसांचे कोर्स होतात. ज्याला लहानपणापासून पोहता येतं अशा कोळीवाड्यातल्या पोराला हा कागद मिळाला तर त्याच्या पोहण्याला भाव येतो. डोंगरातल्या गावांतली मुलं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करू शकतात. घरी बसून शिकायचं तर इग्नूचा टुरिझमचा डिप्लोमा आहे.

याला कारण आहे. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याप्रमाणे ट्रेकिंग, रॅपलिंग, झिपलाइन, बोटिंग असं काहीही पैसे घेऊन करवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीसाठी प्रशिक्षित माणसं आणि प्रथमोपचार येणारे लोक दाखवावे लागतात. म्हणजे 'दोरी आहे, झाड आहे, चला' हे दिवस संपत आलेत आणि शिकलेल्या स्थानिक पोराची गरज वाढणार आहे.

स्वतःची जमीन असेल तर आणखी एक वाट. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला केंद्राची नोंदणी करता येते. घरातल्या बाईच्या नावावर पर्यटनाचा व्यवसाय काढला तर 'आई' या महिला पर्यटन धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, अर्थात अटींसह. ज्यांच्या घरची मुलगी टुरिझम शिकतेय त्यांनी हे दोन्ही एकत्र बघावं. बाहेर नोकरी शोधण्यापेक्षा आपल्याच आंब्याखाली चार खोल्या चालवणं तिला जास्त जमेल, आणि त्या चालवायच्या कशा हे ती शिकून आलेली असेल.

आता कागदांचं. अकरावीत असतानाच जातपडताळणीचा अर्ज टाका, कारण पडताळणीला महिने लागतात आणि कॅप राउंडमध्ये त्यासाठी जागा जाते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, डोमिसाइल हे बारावीचा निकाल लागायच्या आधी तहसीलमधून काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात आणि सर्व्हरही बसतो. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं असू द्या, महाडीबीटीचे पैसे त्याशिवाय येत नाहीत. सीईटीचा फॉर्म भरताना मोबाईल नंबर सायबर कॅफेवाल्याचा टाकू नका, घरचा टाका. ओटीपी त्यालाच जातो आणि पुढच्या राउंडचा मेसेज पण त्यालाच जातो.